प्रति: मॅक्रोने ट्यूबची साइज बदलल्यावर फ्रेम सरकणे

सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मॅक्रोने (ठरलेलं काम आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) साइज बदलली की फ्रेम सरकते, म्हणून प्रोफाइल (ट्यूबच्या छेदाचा आकार) हातानेच निवडावं, हे वरचं मत मला पटत नाही. दोष मॅक्रोचा नाही, फायलींचा आहे. प्रत्येक साइज वेगळ्या फाईलमध्ये काढली की कोपऱ्यावर धरलेला पिअर्स पॉइंट (छेदाचा जो बिंदू फ्रेमच्या रेषेवर बसतो तो) सुटतो आणि ट्यूब मध्यावर येऊन बसते. सॉलिडवर्क्स २०१४ पासून एकाच प्रोफाइल फाईलमध्ये अनेक कॉन्फिगरेशन, म्हणजे मापांचे वेगवेगळे संच, ठेवता येतात; स्केच तेच, मापं तेवढी बदलतात.

आम्ही अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्यांच्या ट्रॉल्या बनवतो. डिझाइन टेबलमध्ये (या कॉन्फिगरेशनची मापं ठेवलेल्या एक्सेल तक्त्यात) एक जादा रकाना ठेवलाय : ‘सोलापुरात मिळते का’. तिथे ‘नाही’ असेल तर मॅक्रो ते माप उचलतच नाही. हा रकाना नव्हता तेव्हा ड्रॉइंग ४० बाय ४०, २.६ मिमीचं निघायचं आणि दुकानात २ किंवा ३ चीच ट्यूब असायची.