लाकडाचं सगळ्यात उंच देऊळ कुठलं? मामाशी पैज लागलीये

पेठेतला_भाचा
काल मामाबरोबर तुळशीबागेत रामाच्या देवळात गेलो होतो. सभामंडपातले लाकडी खांब बघता बघता मामाने डिक्लेर केलं की लाकूड म्हणजे फार तर दोन-तीन मजले, त्याच्यावर गेलं की डुलायला लागतं, शनिवारवाड्याचं काय झालं बघ. मी म्हटलं अहो तो १८२८ ला जळला, डुलून पडला नाही! पण ऐकेल तो मामा कसला. पैज मिसळीची आहे. जगात लाकडाचं खरंच उंच देऊळ कुठे आहे का?

सागवानी
मिसळ तुझीच. चीनमधे शान्शी प्रांतात यिंगश्यान नावाचं गाव आहे, तिथला बौद्ध पॅगोडा १०५६ सालचा, उंची ६७.३१ मीटर. आपण सगळे मनालीला जाऊन हिडिंबा मंदिरासमोर फोटो काढतो ना, ते साधारण २४ मीटर, म्हणजे जवळजवळ तीन हिडिंबा एकावर एक. बाहेरून मजले पाच दिसतात पण आत चार लपलेले आहेत, एकूण नऊ. आता दुसरा मजला एका बाजूला कलायला लागलाय म्हणून लोकांना वर सोडत नाहीत, पण साडेनऊशे वर्षांनी आपणही कललेलो असू.

शंकासुर_पुणे३०
उंचीच बघायची तर रोमानियात सपांत्सा-पेरीचं चर्च ७८ मीटर आहे. पण ते अलीकडचं, आणि खालचा पाया दगडी. मग उंची जमिनीपासून मोजायची का लाकूड सुरू होतं तिथून? पैज लावताना अटी लिहून घेतल्या होत्या का?

कोथरूडकर_ताई
आणि पट्टायाचं काय? आम्ही टूरमधे गेलो होतो, सँक्चुअरी ऑफ ट्रुथ, १०५ मीटर सांगतात, १९८१ पासून काम चालू आहे ते अजून चालूच. आत जाताना प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट चढवतात आणि आपल्या बाजूलाच कारागीर छिन्नी-हातोडी घेऊन ठकठक करत बसलेले, खाली भुसा. देऊळ म्हणायचं का प्रदर्शन ते मला अजून ठरवता आलेलं नाही, पण मान दुखली वर बघून बघून.

सागवानी
@शंकासुर अटी राहू दे, मामाचा मुद्दा डुलण्याचा आहे आणि गंमत तिथेच आहे. क्योटोच्या तोजी देवळाचा पॅगोडा ५४.८ मीटर, जपानमधे एवढे भूकंप होतात, पण आत्ताचा १६४४ पासून उभा आहे. त्याच्या आधीचे पडले नाहीत, आगीत गेले. सांधे सगळे एकमेकांत अडकवलेले, थोडे सैल, त्यामुळे हादरा बसला की प्रत्येक जोड जरा जरा घासतो आणि जोर तिथेच जिरतो. मधोमध एक लांबच लांब खांब असतो, तो मजल्यांचं वजन घेतच नाही. घट्ट बांधलं असतं तर तुटलं असतं.

उंबरठा
हे वाचून आमचा वाडा आठवला. उतरवायला काढला तेव्हा सुताराने लाकडी खुंट्या मागून ठोकून बाहेर काढल्या आणि तुळई अख्खीच्या अख्खी निघाली, जोडाला एक खिळा नाही. खाच आतून नवीन असल्यासारखी पिवळीधमक. वाळवी लागली होती ती खाली, जोत्यापाशी, जिथे ओल. वरचं सगळं ठणठणीत. त्या तुळईचा आता माझ्याकडे झोपाळा आहे.

पेठेतला_भाचा
सगळ्यांना धन्यवाद. मामाला आख्खा धागा वाचून दाखवला. चहा संपेपर्यंत गप्प होता. मग म्हणतो, "म्हणजे डुलतं ना? मग मी काय वेगळं सांगत होतो?"
रविवारी मिसळीला जातोय, बिल मी देतोय.