मदत हवी आहे: एकाच दिव्याखाली मिरची करपतेय, लेट्यूस लांबतोय आणि दोन फोन दोन वेगळे आकडे सांगतात

कुंडीवाला (धागाकर्ता)

मंडळी, आधी मांडणी सांगतो, मग प्रश्न.

६० × ६० सेंटिमीटरचा ग्रो टेंट (घरात रोपं वाढवायचा बंदिस्त तंबू), आतून चंदेरी. वर १०० वॅटचा एलईडी बोर्ड. पांढरे डायोड, मधूनमधून थोडे गडद लाल. आत मिरचीची चार रोपं (पाच आठवड्यांची), टोमॅटोची दोन आणि एका कोपऱ्यात लेट्यूसचा ट्रे. दिवा मिरचीच्या शेंड्यापासून ३० सेंटिमीटरवर, टाइमर १८ तासांचा, डिमरची चकती ७५ वर.

त्रास असा की मधल्या दोन मिरच्यांची वरची पानं द्रोणासारखी वर वळली आहेत. शिरा हिरव्या, मधला भाग फिका. म्हणजे उजेड जास्त झाला म्हणावं, तर त्याच टेंटमधला लेट्यूस पांढुरका, लांबुडका होऊन एका बाजूला आडवा पडलाय. म्हणजे उजेड कमी! एकाच दिव्याला दोन्ही आरोप कसे लावायचे?

म्हणून फोनवरच्या ॲपने उजेड (लक्समध्ये) मोजायला गेलो आणि आणखी गोंधळलो. मिरचीच्या शेंड्याच्या पातळीवर, टेंटच्या मधोमध:

माझा जुना फोन (काचेवर स्क्रीनगार्ड आहे): ४१,००० लक्स
घरातला दुसरा, नवा फोन: ८२,००० लक्स

थेट दुप्पट. जुन्या फोनवर स्क्रीनगार्ड असल्यामुळे तोच कमी दाखवत असणार असं धरून चाललोय. वरच्या फिक्या पानांसाठी मॅग्नेशियम सल्फेटही देऊन पाहिलं, दहा दिवस झाले, फरक शून्य.

प्रश्न: कोणता आकडा खरा मानू? आणि डिमर कमी करू की दिवा वर घेऊ?

पानदेठ

दिवा वर घ्या. ३० फार जवळ आहे.

शिवारातला

दिव्याच्या मागे लागण्याआधी पान उलटं करून बघा. मिरचीची पानं वर वळली म्हटल्यावर मला आधी चुरडा-मुरडाच आठवतो. फुलकिडे असले तर कडा वर वळतात, कोळी ही बारीक कीड असली तर खाली. भिंग आहे का? नसेल तर पांढऱ्या कागदावर शेंडा झटका आणि काही हलतंय का ते पाहा.

कुंडीवाला

झटकून पाहिलं, भिंगातूनही पाहिलं. स्वच्छ. आणि कडेच्या दोन मिरच्या ठणठणीत आहेत. किडे असते तर त्यांनी मधल्या दोघीच कशाला निवडल्या असत्या?

लक्समास्तर

बरोबर पकडलंत. जी पानं दिव्याच्या जवळ आणि मधोमध, तीच बिघडली, यावरून निम्मं निदान होतं. मॅग्नेशियम कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. तुमचा वरून आहे. तेव्हा ते मॅग्नेशियमचं मीठ आता थांबवा, उगाच मातीत साठत राहील.

आता फोनचं भांडण मिटवू. फोनला फोनशी ताडून उपयोग नाही. दोघंही खोटं बोलत असतील तर? तिसरा साक्षीदार लागतो, आणि तो तुमच्या विजेच्या प्लगमध्ये आहे. दोन गोष्टी कराल का?

प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर मिळाला तर चकती ७५ वर असताना प्रत्यक्षात किती वॅट ओढले जातात ते पाहा. चकतीवरच्या आकड्यावर जाऊ नका, तो बऱ्याचदा सरळ प्रमाणात नसतो.

आणि टेंटचे २० × २० चे नऊ चौकोन कल्पून प्रत्येकाच्या मध्यावर दोन्ही फोनने मोजा. फोन आडवा, सेन्सर आकाशाकडे. दिव्याकडे तिरपा धरायचा नाही. वाकून बघताना स्वतःची सावली टाकू नका, टेंटची चेन शक्य तितकी बंद ठेवा. दिव्याच्या खोक्यावर मायक्रोमोल प्रति ज्यूल (दर ज्यूल विजेमागे दिवा किती प्रकाशकण देतो ते) असा काही आकडा असेल तर तोही कळवा.

कुंडीवाला

केलं. हात अवघडले, पण केलं.

वॅटमीटर: ७५ च्या खुणेला ८८ वॅट! (चकती खोटारडी निघाली.)
खोक्यावर: २.७ मायक्रोमोल प्रति ज्यूल.
जुना फोन: कोपरे १७, १८, १९, १८ हजार, कडांचे मध्य २७, २८, २६, २९ हजार, केंद्र ४१ हजार. सरासरी साधारण २४,८००.
नवा फोन: सगळीकडे जवळपास दुप्पट, सरासरी ४९,६००.

लक्समास्तर

झकास. आता गंमत बघा.

८८ वॅट म्हणजे सेकंदाला ८८ ज्यूल, गुणिले २.७ म्हणजे दिव्यातून सेकंदाला फार तर २३८ मायक्रोमोल प्रकाशकण बाहेर पडतात. टेंटचं क्षेत्रफळ ०.३६ चौरस मीटर. त्यातला एकही कण वाया गेला नाही, भिंतींनी काहीच गिळलं नाही असं धरलं, तरी सरासरी ६६० मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद एवढीच येऊ शकते. हे झालं छत. याच्या वर जाणं शक्यच नाही. प्रत्यक्षात भिंती, चेन, फटी यांत बराच उजेड जातो.

लक्सवरून या आकड्यावर यायला पांढऱ्या एलईडीसाठी साधारण ६० ते ७० ने भागतात. तुमच्यात थोडे लाल डायोड आहेत, म्हणून ६० च्या जवळ धरू. जुना फोन: २४,८०० भागिले ६०, म्हणजे ४१३. छताच्या खाली, नुकसान धरता पटण्यासारखा. नवा फोन: ४९,६०० भागिले ६०, म्हणजे ८२७. बरं, त्याच्यावर मेहेरबानी करून ७० ने भागा, तरी ७०९. दिव्यातून जेवढा उजेड निघतच नाही तेवढा हा फोन टेंटमध्ये मोजतोय.

तेव्हा स्क्रीनगार्डवाला म्हाताराच खऱ्याच्या जवळ आहे. नव्या फोनवरचं ॲप कॅमेऱ्यातून मोजतंय का? काही फोनमध्ये उजेडाचा सेन्सर ॲपला वाचूच देत नाहीत, मग ॲप कॅमेऱ्याच्या प्रतिमेवरून अंदाज बांधतं. कॅमेऱ्याला समोरचा दिवा थेट दिसतो आणि बाजूने, भिंतीवरून येणारा उजेड तो नीट धरत नाही. त्याच्यावर पांढरा कागद ठेवल्याशिवाय तो आकडा घेऊच नये, आणि कागद ठेवला की जुळणीही नव्याने करावी लागते.

कुंडीवाला

हो, कॅमेऱ्यातूनच. कागद वगैरे काही नव्हता. नव्या फोनची बाजू मी उगाच घेत होतो.

रोपवाटिका_रात्रपाळी

मध्येच पडतो, माफ करा. लक्सला साठाने भागून झाडांचा उजेड काढणं मला पटत नाही. लक्स माणसाच्या डोळ्यासाठी बनलेलं माप आहे. डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला सगळ्यात जास्त भाव देतो, ६६० च्या गडद लाल उजेडाला जवळजवळ काहीच नाही. झाडाला मात्र ४०० ते ७०० मधला प्रत्येक कण कामाचा. क्वांटम मीटर (झाडाच्या कामाचे प्रकाशकण मोजणारं यंत्र) नसेल तर हे सगळे तुक्के.

लक्समास्तर

तत्त्व शंभर टक्के मान्य. निव्वळ लाल-निळ्या जांभळ्या दिव्याखाली लक्स वाचणं म्हणजे वजनकाट्यावर तापमान मोजणं. पण पांढऱ्या एलईडीचा वर्णपट दिव्यागणिक फार बदलत नाही, त्यामुळे १०-१५ टक्के इकडेतिकडे होईल एवढंच. आणि इथे चूक दुपटीची होती. शिवाय क्वांटम मीटरसुद्धा डोळे मिटून घ्यायचे नाहीत: जुन्या पिढीतले काही सेन्सर ६५५ नॅनोमीटरच्या पुढे वाचतच नाहीत, म्हणजे ६६० च्या लाल डायोडचा बराचसा उजेड त्यांच्या हिशेबातून गळतो.

रोपवाटिका_रात्रपाळी

ते खरंय. वॅटवरून छत काढायची युक्ती मात्र आवडली, ती ढापतो.

कुंडीवाला

दोघांचेही आभार. पण लेट्यूसचं कोडं सुटलं नाही. कोपऱ्यात १८,००० म्हणजे ३०० मायक्रोमोल झाले ना? एवढ्यात लेट्यूस लांबायला नको.

अजून एक. दिवा ३० वरून ६० सेंटिमीटरवर नेला तर अंतराच्या वर्गाच्या नियमाने उजेड चतुर्थांश व्हायला हवा. करून पाहिलं, निम्म्याच्याही बराच वर राहिला. माझं शाळेतलं भौतिकशास्त्र कच्चं की फोन पुन्हा फसवतोय?

लक्समास्तर

भौतिकशास्त्र पक्कं आहे, वापरलं चुकीच्या जागी. तो नियम ठिपक्यासारख्या दिव्यासाठी. तुमचा बोर्ड टेंटच्या रुंदीच्या मानाने चांगला मोठा, आणि आजूबाजूला चंदेरी भिंती बाहेर जाणारा उजेड परत आत लोटतात. बोर्डाच्या लांबीच्या कितीतरी पट दूर गेलात तर तो नियम लागू होईल, पण तेवढी उंची टेंटमध्ये नाहीच. म्हणून इथे गणित करत बसू नका, दिवा हलवला की पुन्हा मोजा.

लेट्यूसचं: तो १८,००० आकडा कुठे मोजलात? मिरचीच्या शेंड्याच्या पातळीवर की लेट्यूसच्या पानावर?

कुंडीवाला

...मिरचीच्या पातळीवर. ट्रे जमिनीवर आहे.

आत्ता मोजून आलो. लेट्यूसच्या पानावर ५,५००. वर टोमॅटोची फांदी अक्षरशः छत्रीसारखी पसरलीय.

शिवारातला

हा हा. दिवा निर्दोष सुटला.

लक्समास्तर

५,५०० म्हणजे जेमतेम ९२ मायक्रोमोल. आता नुसता क्षणाचा उजेड बघू नका, दिवसभराची बेरीज बघा. मायक्रोमोल गुणिले तास गुणिले ०.००३६, म्हणजे एका चौरस मीटरवर दिवसाला किती मोल पडले ते. यालाच डीएलआय म्हणतात.

लेट्यूस: ९२ × १८ × ०.००३६ = ६ च्या आसपास. त्याला १२ ते १७ हवेत.
मधली मिरची: ६८३ × १८ × ०.००३६ = ४४. पाच आठवड्यांच्या पोरीला! फळांनी लगडलेल्या मिरचीला किंवा टोमॅटोलासुद्धा २० ते ३० मध्ये भागतं.

माझं म्हणणं विचाराल तर दोन्ही करा, पण क्रमाने. आधी दिवा वर, ४५ सेंटिमीटरपर्यंत, कारण तुमचं केंद्र कोपऱ्याच्या दुपटीहून जास्त आहे आणि नुसता डिमर फिरवून ही तफावत जात नाही. सगळंच एका प्रमाणात खाली येतं. उंचीने उजेड पसरतो. मग डिमरने केंद्र २०,००० लक्सच्या आसपास आणा. टाइमर १६ तास. दिवे रात्रंदिवस चालू ठेवायचा मोह कधी झालाच, तर टोमॅटोमुळे तरी करू नका: अखंड उजेडात त्याची पानं पिवळी पडतात. लेट्यूसचा ट्रे उंच करा, टोमॅटोची ती फांदी बांधून घ्या.

रोपवाटिका_रात्रपाळी

एक पुरवणी. पंखा थेट त्या दोन मिरच्यांवर रोखलेला नाही ना? सतत वारा लागला तरी पान द्रोण करतं. आणि जुन्या सोडियम दिव्यांसारखी उष्णतेची झळ एलईडीतून पानावर येत नाही, पान त्यांच्यापेक्षा थंड राहतं. टेंटची हवा थंड असेल तर झाड पाणी कमी ओढतं, आणि मग तेवढाच उजेडही त्याला जड जातो. शेंड्याजवळ तापमान किती आहे?

कुंडीवाला

२५-२६ अंश. पंखा भिंतीकडे वळवलेला आहे.

रोपवाटिका_रात्रपाळी

मग ठीक. लक्समास्तर म्हणतात ते करा.

कुंडीवाला

बारा दिवसांनी हजर.

दिवा ४५ सेंटिमीटरवर. चकती ५० वर, वॅटमीटर ६२ म्हणतो. जुन्या फोनवर केंद्र २१,०००, कोपरे १३,५०० च्या आगेमागे. लेट्यूसचा ट्रे दोन उलट्या बादल्यांवर चढवला, तिथेही आता १३,००० च्या वर मिळतात. टाइमर १६ तास.

मिरचीची जुनी वळलेली पानं तशीच आहेत, पण नवी चार पानं सपाट आणि गडद हिरवी आली. आडवा पडलेला लेट्यूस काही उठला नाही. तो उपटून नवं बी टाकलं, रोपं बुटकी आणि घट्ट येताहेत. टोमॅटोला काहीच फरक पडलेला दिसत नाही, तो आधीही मजेत होता.

आता मिरचीला कळ्या धरायच्या बेतात आहेत. उजेड पुन्हा वाढवायचा ना? कसा?

लक्समास्तर

वळलेली पानं सरळ होणार नाहीत, त्यांच्याकडे बघू नका. शेंड्याखालची सगळ्यात नवी दोन पानं तेवढी बघत जा.

वाढवा, पण चकतीवर नाही, वॅटमीटरवर बघून. ६२ चे ६८ करा, चार-पाच दिवस थांबा, नवं पान सपाट राहिलं तर ७५. केंद्राला २६-२७ हजार लक्स आले की १६ तासांत २५ च्या आसपास डीएलआय होतो, तिथे थांबा. मधे रोपं उंचावतील आणि शेंडा दिव्याजवळ सरकेल, तेव्हा वॅट न वाढवताच उजेड वाढलेला असेल. म्हणून दर वेळी आधी मोजायचं, मग हात लावायचा.

कुंडीवाला

जमेल. जुन्या फोनचं स्क्रीनगार्ड तडकलंय, ते बदलायला काढणार होतो. आता बदलू की नको?

लक्समास्तर

खबरदार! बदलणारच असाल तर आधी आणि नंतर त्याच जागी, त्याच वॅटला एक-एक आकडा घेऊन ठेवा.