१९१८ चा रुपया: रंग डोळ्यांना दिसतात, फोटोत येत नाहीत

जुनी_पेटी:
मंडळी, पंचम जॉर्जचा १९१८ चा रुपया आहे, मुंबई टांकसाळीचा (मागे कमळाखाली ठिपका). आजीकडे कागदी पाकिटात पडून होता. काठाला निळा-जांभळा, आत सोनेरी. हातात हलवला की झकास, मोबाइलमध्ये नुसता करडा. लाइट बॉक्स घेऊ का? बजेट दीड हजार. आणि घरचे म्हणतात, चिंचेने लख्ख कर!

ठिपका_मुंबई:
चिंच आमटीत घाला, नाण्याला नको. घासलं की रंग जातो आणि मूळ तकाकीही. ती परत येत नाही.

हा रुपया ९१.७ टक्के चांदीचा. हवेतल्या, कागदातल्या गंधकाने वर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. थराची जाडी बदलते तसा रंग बदलतो: आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, तांबूस-जांभळा, निळा. पाकिटातल्या नाण्याला बहुधा काठाकडून सुरुवात होते, म्हणून तुमचा क्रम पटतो. क्रम सोडून भडक निळा-गुलाबी फासल्यासारखा दिसला असता तर रंग मुद्दाम चढवलाय अशी मी शंका घेतली असती. तरी फोटो पाहिल्याशिवाय शिक्का मारत नाही.

लाइट बॉक्स नको. त्यात चहूकडून मऊ उजेड पडतो आणि टोनिंग (हाच रंगीत थर) मरतं. हे रंग दिसायला उजेड नाण्यावर आपटून थेट लेन्समध्ये यावा लागतो. दोन टेबल लॅम्प घ्या, घड्याळातल्या १० आणि २ च्या जागी, जमेल तितके उंच. एका काठाखाली पुठ्ठ्याचा कपटा सारून नाणं किंचित तिरपं करा. फ्लॅश बंद. मोबाइल फूटभर वर स्टँडवर, २x झूम, टायमर. व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणून कॅमेऱ्यातली सेटिंग) शेजारच्या पांढऱ्या कागदावर लावा. उरलेल्या पैशांत स्टँड येईल.

शिवराई_प्रेमी:
भर घालतो. नाण्यावर साधी काच ४५ अंशांत धरा, बाजूने दिवा, वरून कॅमेरा. काचेवरून उजेड सरळ खाली उतरतो, रंग उठून येतात. मात्र झीज आणि ओरखडे यात लपतात, म्हणून विकताना साधा फोटोही द्या. सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) वाढवलेले फोटो बघून मी तरी घेत नाही.

जुनी_पेटी:
काच जमली, निळा आला! आता पीव्हीसी फ्लिपमध्ये (मऊ प्लास्टिकच्या पाकिटात) ठेवू?

ठिपका_मुंबई:
अजिबात नको, हिरवा चिकटा धरतो. कडक ॲक्रिलिक कॅप्सूल (नाण्याची पारदर्शक डबी) घ्या, सोबत सिलिका जेल. चिकटा आधीच असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवा, घासू नका. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात तेल-अत्तर असतं.