कुकिंग रेंज घेऊ की हॉब आणि ओव्हन वेगळे? (जुनं घर, डिचोली) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

डिचोलीजवळ आमचं जुनं चिऱ्याचं घर आहे, स्वैपाकघर पहिल्यांदाच पूर्ण उकरून काढलंय. सुतार रोज विचारतो बाय ओव्हन कुठे, मी रोज म्हणते उद्या सांगते. चवथीआधी काम संपायला हवं, माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची) बांधायच्या वेळी घरात सिमेंटची पोती दिसता कामा नयेत ही सासूबाईंची अट आहे आणि ती मोडायची माझी हिंमत नाही.

तर माझ्यापुढे दोन वाटा आहेत. एक म्हणजे कुकिंग रेंज, वर चार-पाच बर्नर आणि खाली गॅसचा ओव्हन, एकच धूड, आणून ठेवलं की झालं. दुसरी म्हणजे ग्रॅनाइट कापून त्यात हॉब (ओट्यात बसणारी काचेची शेगडी) बसवायचा आणि ६० सेंमी रुंदीचा विजेचा बिल्ट-इन ओव्हन बाजूच्या उंच कपाटात, छातीच्या उंचीला. दुसऱ्याला खर्च जास्त, पण सासूबाईंच्या गुडघ्यांना खाली वाकून गरम ट्रे ओढणं झेपत नाही, आणि खरं सांगायचं तर आता माझ्याही नाही.

वापर काय म्हणाल तर रोजचं हुमण-भात-भाजी, चवथीला मोठी टोपं, आठवड्याला दोन-तीन केक (थोड्या ऑर्डरीही घेते), नाताळात बेबिंका (आमचं गोव्याचं थराथरांचं गोड). बेबिंका मला शेजारच्या आंटीने शिकवली, ती अजून खाली मंद आच आणि वर झाकणावर करवंटीचे निखारे असंच करते. सगळा खेळ वरच्या आचेचा. एक थर ओतला, वरून तांबूस झाला, तूप सोडलं, मग दुसरा. सात थर म्हणजे दुपार गेलीच. आता चौथ्या थराला वीज गेली तर काय करायचं? आमच्याकडे पावसाळ्यात वारा सुटला की वीज जाते आणि नाताळातही जाणारच नाही असं कोणी लिहून देत नाही. म्हणून मन गॅसच्या ओव्हनकडे ओढतं, पण ज्याला विचारावं तो म्हणतो गॅसच्या ओव्हनमध्ये केक एका बाजूने करपतो. खरं काय? ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनी सांगा, दुकानदाराचं ऐकून झालंय.

साधा फ्यूज: ओव्हन नंतर बघा, आधी वीजबिल काढा आणि मंजूर लोड (घराला एका वेळी किती वीज वापरायची परवानगी आहे तो आकडा) किती आहे ते वाचा. बिल्ट-इन ओव्हन साधारण ३००० वॅटचा धरा, २३० व्होल्टला तो १३ अँपिअर खेचतो. त्यात गिझर आणि विहिरीचा पंप एकदम चालू झाले की जुन्या घराचं वायरिंग रडतं. बोर्डापासून स्वतंत्र लाइन, ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच), १६ अँपिअरचा पॉइंट आणि अर्थिंग तपासून घ्या. प्लास्टर व्हायच्या आत करा, नंतर चिरा फोडत बसाल.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही. व्होल्टेज पडलं की वॅट वर्गाच्या हिशोबाने पडतात. १९० व्होल्टला तुमच्या ३००० वॅटचे जेमतेम २०५० उरतात. केकचं निभतं, थर्मोस्टॅट कॉइल जास्त वेळ चालू ठेवतो. पण ग्रिल, म्हणजे वरून आच देणारी कॉइल, मंदावतं, म्हणजे नेमकी तुमची बेबिंका रखडते. संध्याकाळी सातला मीटर लावून व्होल्टेज बघा, दुपारी बघून उपयोग नाही. आणि घरातला साधा इन्व्हर्टर हा ओव्हन चालवत नाही, ती आशा सोडा.

नारळपाणी: मडगावात नऊ वर्षं रेंज वापरतेय, चांगलं-वाईट दोन्ही सांगते. वीज गेली तरी काम थांबत नाही, दहा माणसांचं टोप बिनधास्त बसतं. पण उंची आधी मोजा हां, माझी रेंज जाळीसकट ९० सेंमीच्या आसपास आणि ओटा ८२ चा, आई टाचा उंचावून आमटी ढवळायची. रेंज आणि ओट्याच्या मधल्या फटीत जे सांडतं ते तिथेच राहतं, मुंग्यांना आमंत्रण. आणि एका पावसात उंदराने ओव्हनच्या मागची ग्लासवूल उपसून घर केलं होतं, पहिल्यांदा ओव्हन लावला तेव्हा जो वास आला तो अजून विसरले नाही!

केकचं म्हणाल तर माझ्या ओव्हनला पंखा नाही आणि बर्नर खाली, म्हणून तळ आधी लागतो. मी ट्रे एक खण वर ठेवते, अर्ध्यात फिरवते, सवय होते. एक किलो गॅस जळला की दीड किलोपेक्षा जास्त पाण्याची वाफ तयार होते, त्यातली बरीच ओव्हनमध्येच फिरते, त्यामुळे केक ओलसर छान पण नानखटाई आणि बोलिन्या पाहिजे तशा खुटखुटीत होत नाहीत. बेबिंकासाठी वर ग्रिल आहे का ते नीट विचारा. काही रेंजचं ग्रिल विजेवर असतं, मग वीज गेल्यावर तुमची मूळ अडचण जिथल्या तिथे!

चहा कमी साखर: ओटीजी (ओट्यावर ठेवायचा छोटा विजेचा ओव्हन) घ्या आणि सुखी राहा.

नेवरी: हॉबबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते. दिसतो सुंदर, पण काच टफन्ड असली तरी कोपऱ्यावर भिडाचा तवा आपटला की चुरा होतो, आमचा झालाय. चार बर्नर इतके जवळ की एक मोठं टोप ठेवलं की शेजारचे दोन गेलेच. ग्रॅनाइट कापायचाच असेल तर हॉब हातात आल्यावर, त्याच्यासोबतच्या कागदावरच्या मापाने कापा आणि कोपरे गोल ठेवा, काटकोनात कापलं की तिथूनच तडा जातो. घरात पाइपचा गॅस येणार असेल तर नोझल बदलून मिळतात का तेही विचारून ठेवा, एलपीजीची नोझल त्यावर चालत नाहीत.

माझं मत, हे दोन एकमेकांना बांधायची गरजच नाही. ओट्यावर साधी स्टीलची चार बर्नरची शेगडी, बिघडली की मेकॅनिक गावातच मिळतो. ओव्हन वेगळा. आणि हो, ऑर्डरीचे केक घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरवर भाजणं नियमात बसत नाही, विजेचा ओव्हन असला की तो प्रश्नच येत नाही.

धागाकर्ती: सगळ्यांचे खूप आभार, एवढ्या लवकर एवढं कळेल वाटलं नव्हतं. बिल काढलं, मंजूर लोड फक्त २ किलोवॅट निघाला! सासऱ्यांच्या काळातला, कोणी बघितलाच नव्हता. वाढवायचा अर्ज उद्या देतोय. संध्याकाळचं व्होल्टेज तीन दिवस मोजलं, २०८, २१४ आणि एकदा १९६.

हॉब रद्द, नेवरीताईंचं पटलं. शेगडी स्टीलची, सासूबाई इतक्या खूश की त्यांनी काच नको हे आधीच सांगितलेलं म्हणे (मला आठवत नाही). सिलिंडर मागच्या पडवीत, तांब्याच्या पाइपने आत. ओव्हन विजेचा, उंच कपाटात, वायर आत्ताच टाकून घेतेय, ओव्हन मात्र लोड मंजूर झाल्यावरच आणणार. तोवर, चहा कमी साखर, तुमचं ऐकून जुना ओटीजीच चालवते.

वीज गेल्यावरच्या चौथ्या थराचं आंटीला विचारलं. ती म्हणाली, अगो मग माझ्याकडे घेऊन ये, निखारे आहेत.

आता शेवटचं एक. सुतार ओव्हनचा तळ ओट्याच्या पातळीला ठेवू म्हणतोय, मला वाटतं अजून थोडा वर हवा. सासूबाई पाच फुटाच्या आत, मी पाच-चार. तुमच्याकडे किती उंचीवर आहे ते मोजून सांगाल का? मागे वाफ जायला किती फट ठेवली तेही. तो सोमवारी फळ्या कापतोय.