पुन्हा फायनल, आणि मी उठून भांडी लावली!

लालशर्ट_केसी (२८ जानेवारी २०२५)

परवा रात्री अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये (एनएफएल) आमच्या कॅन्सस सिटी चीफ्सने बफेलो बिल्सला ३२-२९ असं हरवलं. सलग तिसरी सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, सहा मोसमांत पाचवी. आता ९ फेब्रुवारीला न्यू ऑर्लिन्सला फिलाडेल्फिया ईगल्सशी गाठ. बाहेर शेजारी फटाके उडवत होते आणि मी सोफ्यावरून उठून डिशवॉशर लावायला घेतला. बायको म्हणाली, "जिंकलो ना? मग तोंड असं का?"

मी २०११ ला इथे आलो. २०१२ च्या मोसमात आमचे लोक १६ पैकी १४ सामने हरले होते. ऑफिसात कुणी फुकट तिकीट पुढे केलं तरी आम्ही "घरी पाहुणे आहेत" म्हणून सटकायचो. मग फेब्रुवारी २०२० मध्ये तब्बल ५० वर्षांनी सुपर बोल जिंकलो, तेव्हा मी, कोथरूडचा माणूस, पार्किंगमध्ये एका अनोळखी गड्याच्या गळ्यात पडून रडलो. त्याचं नाव आजही माहीत नाही.

आता शुक्रवारी सगळं ऑफिस लाल घालून येतं म्हणून मीही घालतो. सोमवारचा उपास करावा तसं.

यंदाचे विजय तरी कसले! डेन्व्हरची शेवटच्या क्षणाची किक अडवली म्हणून १६-१४. रेडर्सचा चेंडू ऐन वेळी हातातून निसटला म्हणून १९-१७. चार्जर्सविरुद्ध आमच्या बदली किकरची किक खांबाला आपटून आत पडली, पुन्हा १९-१७. नुसती धडधड होते. संपलं की 'सुटलो' असं वाटतं, बस. हे फक्त मलाच होतंय का?

बफेलोचा_रेडा

भाऊ, पोट भरलेल्याने उपाशी माणसासमोर ढेकर देऊ नये.

मी रॉचेस्टरला राहतो. आमची टीम १९९१ ते १९९४ सलग चार सुपर बोल हरली. आमचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) जॉश ॲलन प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, तुमच्याकडून हरला त्याची ही चौथी वेळ. परवा शेवटच्या क्वार्टरच्या सुरुवातीला आम्ही २२-२१ ने पुढे होतो, चेंडू आमच्याकडे राहायला एकच यार्ड हवा होता. दोन बाजूंनी दोन पंच धावत आले, एकाचा पाय पुढे, दुसऱ्याचा मागे. चेंडू कुठे ठेवला? मागे! आणि तुम्ही भांडी लावताय.

पहाटेचा_चहा_पुणे

आम्ही सोमवारी पहाटे ५ ला आधण ठेवून बसणार. आधी सतत जिंकणाऱ्या टॉम ब्रेडीला शिव्या घालायला उठायचो, आता तुमच्या क्वार्टरबॅक महोम्सला घालतो. कंटाळा म्हणाल तर तो येतो, पण जॅक्सनव्हिलसारख्या हरणाऱ्या टीमला शिव्या घालायला कोण उठेल हो?

मिशीवरचा_बर्फ

लालशर्ट, तुमचं दुखणं सोफ्याचं आहे. गेल्या जानेवारीत मायामीविरुद्धच्या सामन्याला मी ॲरोहेडवर, चीफ्सच्या मैदानावर, होते. उणे २० सेल्सियस. पायाखाली पुठ्ठा, दोन मोज्यांवर तिसरा मोजा, थर्मासमधला चहा दुसऱ्या क्वार्टरपर्यंत गार. आमचे कोच अँडी रीड यांच्या मिशीला बर्फ लोंबत होता आणि टक्कर होऊन महोम्सच्या हेल्मेटचा चक्क तुकडा उडाला. तिथे बसून जांभई देऊन दाखवा.

आणि रेडेसाहेब, पंचांचं पुराण पुरे. २०२३ च्या फायनलला आम्ही ईगल्सला हरवलं तेव्हा हाच आरडाओरडा झाला होता. शेवटी ईगल्सचा बचावपटू ब्रॅडबरी स्वतःच म्हणाला की मी समोरच्याचा शर्ट पकडला होता. या लीगमध्ये सगळी व्यवस्थाच जिंकणाऱ्याला खाली ओढणारी आहे. टीमच्या एकूण पगाराला टोपी, म्हणजे कमाल मर्यादा, २०२४ च्या मोसमाला २५ कोटी ५४ लाख डॉलर. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, तळाच्या टीमला पहिला मान. २०२२ मध्ये टायरिक हिलसारखा मोहरा आम्ही मायामीला देऊन टाकला, तरी वर आहोत. बाय द वे, २०१७ च्या ड्राफ्टमधली दहावी निवड, जिच्यावर महोम्स आला, ती आम्हाला कुणी दिली होती?

बफेलोचा_रेडा

हे काढायची गरज नव्हती.

शिवाजीपार्क_जुने

मी सध्या मुलाकडे न्यू जर्सीत आहे. तुमच्या या खेळात बॉल कुणाकडे आहे तेच मला दिसत नाही. पण दुखणं ओळखीचं वाटलं म्हणून लिहितो.

मुंबईने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वर्षं रणजी जिंकली. आमच्या घरी ते पावसाळ्यासारखं होतं, येणारच. वडील पेपरात स्कोर बघायचे, "हं" म्हणायचे आणि पान उलटायचे. १९७४ ला कर्नाटकने सेमीफायनललाच अडवलं. त्या रात्री वडील जेवले नाहीत. आईला वाटलं गिरणीत काही झालं.

पुढच्या मोसमात मुंबईने फायनलला कर्नाटकलाच हरवलं, तेव्हा वडील येताना पेढे घेऊन आले. आधीच्या पंधरा विजयांत घरात पेढा आल्याचं मला तरी आठवत नाही.

लालशर्ट_केसी

काका, म्हणजे एकदा आपटायलाच हवं म्हणता?

बफेलोचा_रेडा

९ तारखेला होईल सोय. मी ईगल्सचा हिरवा शर्ट मागवलाय. आयुष्यात पहिल्यांदा.

मिशीवरचा_बर्फ

मी हरण्याच्या विरुद्ध आहे, नोंद घ्यावी. पेढे मी दर वेळी वाटते.

लालशर्ट_केसी

आमच्या चिरंजीवांचा किस्सा सांगतो. वय सात. काल विचारत होता, "बाबा, ज्यांची टीम फायनलला नसते ते लोक फेब्रुवारीत काय करतात?" मला पटकन उत्तर सुचेना.

बफेलोचा_रेडा

पाठवा त्याला माझ्याकडे. फावडं देतो. आमच्याकडे फेब्रुवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसतात.