धंद्यातल्या ओळखीच्यांना साक्षीच्या नाश्त्याला बोलवावं का?

साकीनाक्याचा खोकेवाला
सलाम. माझा कोरुगेटेड खोक्यांचा गाळा आहे. आमच्या चर्चच्या मंडळीतले धंदेवाले पुढच्या महिन्यात अंधेरीच्या एका हॉटेलात नाश्ता ठेवताहेत. इडली-चहा, एक गीत, साक्ष म्हणजे येशूने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगणं, मग प्रार्थना. साक्ष मी देणार आहे. ही पद्धत जुनी आहे. १९५१ साली लॉस एंजेलिसच्या क्लिफ्टन्स कॅफेटेरियात डेमॉस शकारियन या दूधवाल्या उद्योजकाने व्यावसायिकांची फेलोशिप सुरू केली, तीही अशीच खाण्याच्या टेबलावर. कर्जात गळ्यापर्यंत बुडालो होतो तेव्हा येशूने मला उभं केलं, ते मी कुठेही सांगेन. अडलंय ते यादीवर. प्रत्येकाने काही पाहुणे आणायचेत आणि माझ्या फोनमध्ये आहेत कागदवाला, शाईवाला, टेम्पोवाला आणि मोठ्या पार्ट्यांचे परचेसवाले. कोणाला बोलवू?

ऑफसेट, लोअर परळ
मी ख्रिस्ती नाही, घरात वारी आहे. तरी अशा नाश्त्याला जाऊन आलोय. बोलावणारा माझं गिऱ्हाईक होता आणि त्याच्याकडे माझं बिल चार महिने अडकलेलं. माणूस मनापासून बोलत होता, पण माझं ध्यान चेकवर. शेवटी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि ज्यांना येशूला स्वीकारायचंय त्यांनी हात वर करा म्हणाले. मी मिटले खरे, पण तो माझ्याकडे बघतोय का हेच डोक्यात. उठून जायची सोय नव्हती. तुमच्याकडून ज्याचं येणं आहे, त्याला बोलवू नका. नाही म्हणायची त्याची टाप नसते. आणि तारीख ठरवताना एकादशी बघा, नुसता चहा पिऊन बसावं लागतं.

भायखळ्याची मावशी
यांचं खरं आहे रे बाळा. बायबलमधला प्रेषित पौल करिंथ शहरात राहुट्या करून पोट भरायचा, सुवार्ता सांगताना कुणावर भार टाकला नाही त्याने. १८५७ साली न्यूयॉर्कच्या फुल्टन स्ट्रीटवर जेरेमाया लॅन्फियरने व्यापाऱ्यांसाठी दुपारी बाराची प्रार्थना सुरू केली. पाच मिनिटं बसा नाहीतर तासभर, अशी मुभा त्याने पत्रकातच दिली होती. पहिल्या दिवशी जेमतेम सहा जण आले, पण आले ते आपल्या पायांनी. आणि बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय वाच, अडवून ठेवलेली मजुरी ओरडते म्हणतो तो.

हिशेबनीस
एमएसएमई म्हणजे लहान-मध्यम उद्योगांच्या कायद्यातही छोट्या पुरवठादाराचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं आहे. साक्ष देणाऱ्याने आधी तेवढं बघावं.

साकीनाक्याचा खोकेवाला
ठरलं. ज्यांचं माझ्यावर पोट आहे ते यादीतून काढले. परचेसवालेही नकोत, त्यांना वाटेल ऑर्डरसाठी बोलावतोय. उरले शेजारचे गाळेवाले आणि शाळेतले मित्र. निमंत्रणावर येशूची साक्ष आणि प्रार्थना असं मोठ्या अक्षरांत छापतो, म्हणजे फसवून आणलं असं कुणाला वाटायला नको. हात वर करणं नको म्हणून पाळकसाहेबांना आजच सांगतो. ज्याला पुढे बोलायचंय तो चहा घेताना बोलेल. ऑफसेटवाले दादा, तुमचा-माझा काहीच व्यवहार नाही. यायचं असेल तर या, एकादशी टाळूनच तारीख घेतो.