अर्धा गुडघा बदलावा की पूर्ण?

निवांत:
आई ६४ वर्षांची. उजव्या गुडघ्याची आतली बाजू पार झिजलीये, बाहेरची एक्स-रेत चांगली दिसते, लिगामेंट शाबूत. दोन डॉक्टर गाठले. एक म्हणाले, झिजली तेवढीच बाजू बदलू. दुसरे म्हणाले, "पूर्णच करा, परत उघडायची भानगड नको."

बरंच वाचल्यावर माझं मत असं झालंय की अशा पेशंटला आधी अर्धाच सुचवायला हवा. इंग्लंड-वेल्सच्या नॅशनल जॉइंट रजिस्ट्रीतल्या (सांधेबदलांच्या राष्ट्रीय नोंदवहीतल्या) नोंदींची तुलना २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. २५ हजार अर्धे, ७५ हजार पूर्ण, वय आणि आजार जुळवून घेतलेले. मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात, रक्त चढवावं लागणं, सगळं अर्ध्यात कमी. मतं येऊ द्या. "देवावर सोडा" सोडून काहीही चालेल.

खडूस:
त्याच अभ्यासातला दुसरा आकडा सोयीस्कर गाळलात की! ८ वर्षांत अर्ध्या गुडघ्याची पुनर्शस्त्रक्रिया (बसवलेला सांधा परत बदलणं) पूर्णच्या दुपटीहून जास्त. शिवाय २०१९ च्या 'लॅन्सेट'मधला टिकाऊपणाचा अंदाज बघा: २५ वर्षं टिकणारे पूर्ण ८२ टक्के, अर्धे ७०. पंचाहत्तरीत परत भूल, परत टाके, परत वॉकर. आईंना विचारलंत का, चालेल का म्हणून?

निवांत:
त्यावर येतच होतो. हिशेब त्या अभ्यासकांनीच मांडलाय. १०० जणांना पूर्णऐवजी अर्धा बसवला तर पहिल्या ४ वर्षांत साधारण एक मृत्यू कमी आणि तीन शस्त्रक्रिया जास्त. मी तीन शस्त्रक्रिया घेईन बुवा.

हाडवैद्य:
जिल्ह्याच्या ठिकाणी ऑर्थोपेडिक प्रॅक्टिस करतो, म्हणून लिहितो.

खडूसराव, पुनर्शस्त्रक्रियेचा आकडा दिसतो तितका सरळ नाही. अर्धा दुखत राहिला तर काढून पूर्ण बसवणं त्या मानाने सोपं, त्यामुळे डॉक्टरही पटकन तयार होतो. पूर्ण दुखत राहिला तर पेशंटला वर्षभर "व्यायाम करा" एवढंच ऐकायला मिळतं, कारण तो परत उघडणं जिकिरीचं काम. रजिस्ट्रीच्या लेखी तो गुडघा यशस्वी! पूर्ण बदलूनही पाचातला एक जण नाखूश राहतो, हे आमच्या पेशात सगळ्यांना ठाऊक आहे.

आता निवांत, तुम्हालाही सुनावतो. अर्ध्याला हात बसावा लागतो. ज्या सर्जनच्या गुडघाबदलांत अर्ध्यांचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर असतं, त्यांच्याकडे पुनर्शस्त्रक्रिया कमी होतात, हे त्याच रजिस्ट्रीतून दिसलंय. मी अर्धे क्वचित करतो. आमच्याकडे पेशंट येतो तोवर पाय धनुष्यासारखे वाकलेले आणि दोन्ही बाजू गेलेल्या असतात. अर्धा गुडघा क्वचित करणाऱ्याकडून करून घेण्यापेक्षा रोज पूर्ण करणाऱ्याकडून पूर्णच करून घ्या.

कोकणकन्या:
सासूबाईंचा अर्धा झालाय. पाटावर बसून पूजा करतात, उठताना मात्र एक हात जमिनीला टेकावाच लागतो. व्रणाच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढी कातडी बधिर आहे, तेल चोळलं तरी कळत नाही म्हणतात. हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

हाडवैद्य:
ताई, ती बधिरता दोन्ही प्रकारांत येते. चीर देताना कातडीची बारीक नस कापली जाते. पुष्कळांची हळूहळू कमी होते, काहींची कायम राहते. आधी सांगायलाच हवं होतं.

खडूस:
पाटाचं कौतुक ऐकलं. पण अर्ध्यातल्या एका प्रकारात मधली प्लॅस्टिकची चकती सरकती असते आणि ती निसटण्याचं प्रमाण आशियाई रुग्णांत जास्त आढळलंय. आपली मांडी नि उकिडवं बसणं त्याला कारण असावं, असं म्हणतात. आणि गुण तरी कुठे जास्त येतो? ब्रिटनमधल्या ५२८ रुग्णांच्या चाचणीत ५ वर्षांनी दोन्ही गट सारखेच निघाले.

निवांत:
गुण सारखा आणि त्याच चाचणीत अर्ध्याचा खर्च कमी. मग पूर्ण कशासाठी?

तात्या:
रोबोटने करा, सगळे प्रश्न मिटतात. गावभर फ्लेक्स लागलेत.

हाडवैद्य:
तात्या, फ्लेक्स लावायला पुरावा लागत नाही. कोरियातल्या चाचणीत जुन्या पिढीच्या रोबोटने केलेले पूर्ण गुडघे आणि हाताने केलेले, दहाहून अधिक वर्षांनी सारखेच निघाले (२०२०). नव्या यंत्रांनी माप नेमकं येतं, हे मान्य.

निवांत, साध्या एक्स-रेवर ठरवू नका. गुडघ्यावर ताण देऊन काढलेला स्ट्रेस एक्स-रे मागा, बाहेरच्या बाजूच्या कूर्चेची (हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत थराची) जाडी त्यात कळते. साखर आटोक्यात आहे ना? जंतुसंसर्ग झाला तर अर्धा काय नि पूर्ण काय.

निवांत:
साखर ठीक आहे. अर्धा सुचवणाऱ्या डॉक्टरांना वर्षाला असे किती करता, हे विचारतो.

खडूस:
आणि आत गेल्यावर बाहेरची बाजूही खराब निघाली तर टेबलावरच पूर्ण करणार का, तेही विचारा. संमतिपत्रात दोन्ही लिहून घ्या, पूर्णचा सेट थिएटरमध्ये तयार असेल याची खात्री करा. माझं मत अजून पूर्णचंच आहे.